रोमची ती रात्र आणि माणशी सहाशे युरो

नमस्कार. गेल्या मे महिन्यात आम्ही सहाजण इटलीला जाऊन आलो. मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासऱ्यांचं म्हणणं होतं, टूर कंपनीबरोबर जाऊ. मी म्हटलं, एवढे पैसे कशाला, मी आखते सगळं. तिकिटंही मीच काढली, जाता-येता आखातात विमान बदलायचं होतं. व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, सगळं छान पार पडलं.

परतीला रोमहून रात्री ९:४० चं विमान. इमिग्रेशन करून आत गेलो तर बोर्डावर ११:३०. मग १ वाजता. मग नुसतंच ‘पुढची सूचना २ वाजता’. तांत्रिक बिघाड म्हणाले. नवऱ्याचा पारा चढला आणि तो पंचवीस-तीस लोकांबरोबर काउंटरवर भांडायला उभा राहिला. दीडच्या सुमारास हॉटेलसाठी म्हणून पासपोर्ट मागायला लागले. नवरा म्हणाला, एवढ्या रात्री पासपोर्ट कोणाच्या हातात देणार नाही, शिवाय आपला व्हिसा आज संपतोय, बाहेर पडलो तर अडकू. तो वाद घालत राहिला आणि हॉटेलची बस निघून गेली. आम्ही रात्रभर लोखंडी खुर्च्यांवर. सासूबाईंचं इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत. पहाटे त्यांना कसंतरी व्हायला लागलं. शेजारच्या एका बाईंकडे ग्लुकोमीटर होता, त्यावर साखर ३०० च्या वर. मी अक्षरशः रडले.

विमान दुसऱ्या दिवशी ११:४० ला सुटलं, पुढचं विमान चुकलं, मुंबईला १९ तास उशिरा पोचलो. सगळ्यांचे फोन बंद पडले होते. नाशिकहून बोलावलेला गाडीवाला दुपारी एकपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत विमानतळावर थांबून होता. तो आता थांबल्याचे चार हजार जास्तीचे मागतोय. नवरा म्हणतो, आमची काय चूक, विमान कंपनीकडून घे.

कंपनीची ईमेल आलीय. ‘सद्भावना म्हणून’ माणशी १०० युरोचं व्हाउचर, खाली ‘स्वीकार’ असं बटण. त्या रात्री आम्ही काय करायला हवं होतं? पैसे मिळतात का? आणि घरात अजूनही ‘स्वस्तातलं तिकीट’ हा विषय निघतो, त्याचं काय करू? पुढच्या वर्षी नणंदेकडे लंडनला जायचं ठरत होतं, सासरे आता नकोच म्हणतात.

– त्रासलेली सून, नाशिक

प्रिय नाशिककर ताई,

ते ‘स्वीकार’ बटण अजून दाबलं नसेल तर दाबू नका. बाकीचं पत्र सावकाश वाचा, पण हे आधी.

कारण तुमचं येणं माणशी १०० युरोचं व्हाउचर नाही, माणशी ६०० युरो रोख आहे. रोम युरोपीय संघात येतं आणि संघातल्या विमानतळावरून निघणारं कुठल्याही देशाच्या कंपनीचं विमान २६१/२००४ या नियमाखाली येतं. नियम फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. तुमची कंपनी आखातातली असली तरी सुटका नाही. गंमत अशी की जाताना याच कंपनीच्या मुंबईहून सुटणाऱ्या विमानाला असाच उशीर झाला असता, तर हा नियम लागला नसता. तेव्हा निघायचं ठिकाणही युरोपबाहेरचं आणि कंपनीही युरोपबाहेरची.

रक्कम अंतरावर ठरते. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, ३,५०० पर्यंत ४००, त्यापुढे ६००. रोम ते मुंबई सहा हजारांच्या वर आहे. तिकिटाची किंमत किती होती याच्याशी या रकमेचा संबंध नाही, हे घरात मोठ्याने वाचून दाखवा. मूळ नियमात भरपाई विमान रद्द झालं किंवा प्रवाशाला विमानात चढू दिलं नाही तरच होती. २००९ साली युरोपीय न्यायालयाने सांगितलं की शेवटच्या ठिकाणी तीन तास किंवा त्याहून जास्त उशिरा पोचलेल्या प्रवाशालाही ती मिळायला हवी. २०१३ च्या निकालाने जोडविमानाचा, म्हणजे वाटेत बदलायच्या विमानाचा, प्रश्न सोडवला: पहिलं विमान किती उशिरा सुटलं हे बघायचं नाही, प्रवासी शेवटी किती उशिरा पोचला ते बघायचं. आणि मधला थांबा युरोपबाहेर असला तरी सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असेल तर तो एकच धरायचा, हे २०१८ साली स्पष्ट झालं. तुमचं बुकिंग एकच होतं, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. म्हणजे हिशोब १९ तासांचा. मुलांचीही तिकिटं पैसे देऊन काढलेली, त्यामुळे तीही मोजायची. सहा गुणिले सहाशे म्हणजे ३,६०० युरो. रुपयांत तीन लाखांच्या वर.

कंपनी आता काय म्हणेल तेही सांगते. ‘अपवादात्मक परिस्थिती’ असं उत्तर येईल. ही पळवाट खरी आहे, पण अरुंद आहे. वादळ, हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप, ज्वालामुखीची राख, अशा कारणांना भरपाई नाही. विमानातला बिघाड मात्र सहसा त्यात बसत नाही. विमानं बिघडणं हा विमान कंपनीच्या रोजच्या धंद्याचाच भाग आहे, असं न्यायालयाने २००८ आणि २०१५ साली सांगून ठेवलंय. आणि परिस्थिती अपवादात्मक होती हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची, तुमची नाही. त्या रात्री त्यांनीच ‘तांत्रिक बिघाड’ म्हटलं होतं. कोणी त्याचा मेसेज, ईमेल किंवा फोटो ठेवला असेल तर शोधून काढा.

व्हाउचरबद्दल नियम असा की भरपाई रोख, चेकने किंवा बँकेतून द्यायची. व्हाउचर देता येतं ते प्रवाशाने सही करून मान्य केलं तरच. ते बटण म्हणजे तुमची सही. ‘सद्भावना’ हा शब्दही उगाच नाही. तुमच्या हक्काची रक्कम आम्ही देतोय असं त्यांना लिहायचं नसतं, म्हणून तो असतो.

अर्ज कसा करायचा? कंपनीच्या वेबसाइटवर तक्रारीचा फॉर्म असतो, तिथे इंग्रजीत, थोडक्यात. बुकिंग क्रमांक, विमानांचे क्रमांक, तारीख, सहाही प्रवाशांची पासपोर्टप्रमाणे नावं, मुंबईला पोचायची ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ. प्रत्यक्ष वेळ म्हणजे चाकं जमिनीला टेकली ती नव्हे, विमानाचं दार उघडलं ती. यावरही खटला झाला होता, २०१४ साली. मग एक वाक्य, की नियम २६१/२००४ च्या कलम ७ प्रमाणे माणशी ६०० युरो या खात्यात जमा करावेत, आणि व्हाउचर आम्हाला मान्य नाही. खात्याबरोबर बँकेचा स्विफ्ट कोड लागेल, तो शाखेत विचारून घ्या. रात्री खाण्यापिण्यावर खर्च केला असेल तर त्याची बिलं वेगळी जोडा, ती ६०० मधली नाहीत. सासूबाईंचे हाल, तुमचं रडणं, नवऱ्याचा संताप यातलं काहीही लिहू नका. वाचणाऱ्याला त्यातून काही ठरवायचं नसतं, आणि लांबलचक पत्राला उत्तरही लांबलचक आणि गोलमाल येतं. फॉर्म पाठवल्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

सहा आठवडे वाट बघा. उत्तर नाही आलं किंवा नकार आला तर इटलीच्या नागरी विमान प्राधिकरणाकडे, म्हणजे एनाककडे, ऑनलाइन तक्रार करता येते. एनाक कंपनीला दंड करू शकते, पण तुमच्या वतीने पैसे वसूल करून देत नाही. तरी तिथे तक्रार गेलीय हे कळल्यावर उत्तरांचा सूर बदलू शकतो. तिसरी वाट वसुली करून देणाऱ्या खासगी एजन्सींची. त्या साधारण पाव ते एक तृतीयांश रक्कम कापून घेतात, कोर्टात जावं लागलं तर आणखी. सुरुवातीलाच तिकडे जाऊ नका. स्वतः लिहून नकार आला तर मात्र साडेतीन हजारांतले अडीच हजार युरो काही वाईट नाहीत. इटलीपुरती मुदत दोन वर्षांची धरून चाला आणि तेवढी वाट बघू नका.

प्रवासविमाही बघा. शेंगेन व्हिसासाठी (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो, तो तुम्ही काढला असणारच. त्याच पॉलिसीत बऱ्याचदा विमानाचा उशीर आणि चुकलेलं जोडविमान यांचे वेगळे रकाने असतात. फाइलला लावलेला तो कागद पुन्हा कोणी उघडत नाही. त्यासाठी कंपनीचा उशिराचा दाखला लागतो. तो आता ईमेलने मागा, मिळतो. दावा करायची मुदत पॉलिसीत लिहिलेली असेल, आधी ती तपासा.

आता त्या रात्रीकडे येऊ.

तुमच्या विमानाची वेळ ११:३०, मग १, मग २ अशी सरकत गेली ना, त्यात कोणी मुद्दाम फसवत होतं असं समजू नका. इंजिनिअर बघतो, एक अंदाज देतो, बोर्डावर तो चढतो. भाग बदलावा लागणार असेल तर तो रोममध्ये असेलच असं नाही. परदेशी कंपनीचं विमान तिथे तासा-दोन तासांसाठी आलेलं असतं, तिचं जादा विमान आणि सुटे भाग तिच्या मायदेशी. हे चालू असताना दुसरं घड्याळही चालू असतं. वैमानिक आणि कर्मचारी यांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे. ते तास संपले की विमान ठणठणीत दुरुस्त झालं तरी उडत नाही, त्यांची विश्रांती पूर्ण व्हावी लागते. दोनचं एकदम ११:४० झालं ते बहुधा याच कारणाने. म्हणून एक आडाखा बांधून ठेवा: रात्रीचं विमान मध्यरात्रीच्या पुढे दुसऱ्यांदा सरकलं की सकाळच धरायची आणि झोपायच्या तयारीला लागायचं. ‘अजून अर्धा तास बघू’ या आशेवर बसलेल्यांचेच जास्त हाल होतात.

झोपायची सोय करणं कंपनीचं काम आहे. लांब पल्ल्याच्या विमानाला चार तासांच्या वर उशीर होणार असेल तर जेवण-पाणी, दोन फोन किंवा ईमेल, आणि रात्र काढावी लागणार असेल तर हॉटेल आणि तिथपर्यंतची गाडी. हे भरपाईपेक्षा वेगळं आहे आणि कारण काहीही असलं तरी द्यावंच लागतं. २०१० साली आइसलँडच्या ज्वालामुखीने युरोपभर विमानं बंद पाडली, तेव्हाच्या एका प्रवाशाच्या खटल्यात २०१३ साली हेच ठरलं. कंपनीने सोय केली नाही तर माफक खर्च स्वतः करायचा, बिलं ठेवायची आणि नंतर मागायची. माफक म्हणजे साधं हॉटेल आणि जेवण. वाइनची बाटली त्यात धरत नाहीत. तुम्हाला मात्र सोय दिली गेली होती. ती बस तुमच्यासाठी उभी होती.

तुमच्या नवऱ्याची पासपोर्टबद्दलची काळजी खुळी नव्हती. परक्या विमानतळावर रात्री दीड वाजता कोणी सहा पासपोर्ट गोळा करायला लागला तर मीही दचकेन. पण तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: पासपोर्ट कशाला हवेत आणि ते कोणाकडे जाणार? तुम्ही इमिग्रेशन करून आत गेला होतात, कागदोपत्री युरोपातून बाहेर पडला होतात. हॉटेलला न्यायचं म्हणजे तुम्हाला परत आत घ्यायचं, आणि ते सीमा पोलिसांच्या हातात असतं. बहुधा त्याचसाठी ते मागत होते. “आम्ही सोबत येतो, पोलिसांच्या खिडकीवर स्वतः दाखवतो,” एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं.

व्हिसाचंही तसंच. पासपोर्टातला स्टिकर काढून पुन्हा वाचा. त्यावर दोन वेगळ्या गोष्टी असतात: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि त्यात किती दिवस राहता येईल. शेंगेनच्या नियमाप्रमाणे तारखांमध्ये सहसा १५ दिवसांची जादा सवलत धरलेली असते, अशाच गोष्टींसाठी. तुमचे मोजलेले दिवस संपत होते की तारीख, ते आधी बघायला हवं होतं. आणि दोन्ही संपत असलं तरी आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने अडकलेल्याला मुदतवाढ देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, तीही फुकट. पुरावा म्हणून कंपनीचा उशिराचा कागद लागतो. म्हणून तो काउंटरवर मागायच्या गोष्टींत पहिला.

काउंटरवरच्या मुलीचंही जरा सांगते. पुष्कळदा ती त्या विमान कंपनीची नोकरही नसते. विमानतळावरचं काम कंत्राटावर घेणाऱ्या दुसऱ्याच कंपनीची असते आणि तिच्या अंगावर एका रात्रीत तीन विमान कंपन्यांचे प्रवासी येतात. विमान दुरुस्त करणं, कर्मचाऱ्यांचे तास वाढवणं, भरपाई मंजूर करणं, यातलं काहीच तिच्या हातात नाही. तिच्या हातात असतं ते जेवणाचं कूपन, हॉटेलची यादी, पुढच्या विमानाचं बुकिंग आणि तो कागद. एवढंच मागायचं आणि बाजूला व्हायचं. जी भरपाई ती देऊच शकत नाही, तीच तिच्याकडे दोन तास मागत राहिलं, तर जे ती देऊ शकते तेही हातचं जातं. नवऱ्याला हे दोष म्हणून सांगू नका. आपल्याकडे सरकारी खिडकीवर आवाज चढवल्याशिवाय काम होत नाही, हे आपण लहानपणापासून बघतो, तीच सवय बरोबर नेतो. तिथे ती चालत नाही, इतकंच. त्याचा राग योग्यच होता, आता तो त्या इंग्रजी पत्रात उतरवू दे. पत्र त्यालाच लिहायला सांगा.

खरी चूक मला इन्सुलिनची वाटते, आणि ती सगळ्यांची मिळून आहे. औषधं चेक-इनमध्ये कधीच नाहीत. सामान हरवतं म्हणून नाहीत, विमानाच्या पोटात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकतं म्हणून नाहीत, आणि अशा रात्री बॅग तुमच्या हाती लागत नाही म्हणून तर नाहीतच. १०० मिलिलिटरची अट औषधांना लागू नसते. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवायची, सुरक्षा तपासणीत स्वतःहून बाहेर काढून दाखवायचं. वापरात असलेलं पेन फ्रिजबाहेर साधारण महिनाभर चालतं, पण सासूबाई नेमकं कुठलं घेतात त्यावर ते ठरतं, तेव्हा डॉक्टरांना विचारा. वेळ साडेतीन तासांनी बदलली की डोस कधी घ्यायचा हेही त्यांनाच विचारा. आणि साखर ३०० च्या वर गेलेली माणसं खुर्चीवर बसवून ठेवायची नसतात. मोठ्या विमानतळावर वैद्यकीय मदत केंद्र असतं आणि युरोपभर ११२ हा नंबर चालतो. त्या ग्लुकोमीटरवाल्या बाईंचे आभार मानायला हवेत, त्यांनी निदान कळवलं तरी.

सासऱ्यांना किंवा सासूबाईंना चालायचा त्रास असेल तर पुढच्या वेळी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. युरोपात ती फुकट आहे, आणि गोंधळाच्या वेळी अशा प्रवाशांना आणि त्यांच्याबरोबरच्यांना आधी नेण्याचं बंधन कंपनीवर आहे. आपल्याकडे ‘एवढं काही झालं नाही मला’ म्हणून ज्येष्ठ मंडळी नाकारतात. तर त्यांना सांगा, रांग टाळायला घेतोय.

तुम्ही चार मोठी माणसं होतात, आणि चौघंही एकाच गोष्टीत अडकलात. एकाने काउंटर, एकाने आई-वडील आणि मुलं, एकाने फोन. मोबाइल संपायच्या आत एकच फोन चालू ठेवायचा, बाकीचे बंद. आणि रोमच्या रात्री दीड वाजता नाशिकला पहाटेचे पाच वाजलेले असतात हे विसरायचं नाही. घरचं कोणीतरी उठलेलं असतं. भावाला, दिराला एक मेसेज: बुकिंग क्रमांक पाठवतोय, कंपनीच्या भारतातल्या हेल्पलाइनला फोन लाव आणि पुढचं विमान बदलून घे. रोमच्या काउंटरवर तीस माणसं पुढे होती, फोनवर कदाचित एकही नसती. मुलांसाठी पत्त्यांचा एक कॅट जवळ असावा. बदामसात खेळायला इंटरनेट लागत नाही, आणि आजोबा त्यात हरत नसल्यामुळे त्यांचाही वेळ जातो. हातातल्या बॅगेत प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड, चार्जर, पॉवर बँक (ती चेक-इनमध्ये चालतच नाही) आणि गूळ-शेंगदाण्यांचा डबा. रात्री विमानतळावर शाकाहारी माणसाला मिळतं ते थंडगार चीजचं सँडविच, आणि ते खाऊन सासूबाईंची साखर सुधारणार नव्हती.

‘स्वस्तातलं तिकीट’ या आरोपाचं उत्तर सरळ आहे. महाग तिकिटाचं विमानही बिघडतं. तिकीट काढताना चूक झाली असती ती वेगळीच: रोम ते आखात एक आणि आखात ते मुंबई दुसरं, अशी दोन सुटी बुकिंग करून आणखी चार पैसे वाचवले असते, तर पुढचं विमान चुकल्यावर सहा नवी तिकिटं खिशातून काढावी लागली असती आणि भरपाईचा हिशोबही बिघडला असता. ते तुम्ही केलं नाहीत. सासऱ्यांचाही एक मुद्दा मात्र मान्य करा. टूर कंपनीबरोबर असतात तरी विमान ११:४० लाच सुटलं असतं, पण टूर मॅनेजरने सगळ्यांना पहिल्या बसमध्ये कोंबलं असतं. पैसे त्याचेच असतात. स्वतः जायचं तर ते काम घरातल्या कोणीतरी अंगावर घ्यायचं, आणि ते कोण हे निघायच्या आधी ठरवायचं. माझं मत विचाराल तर सासऱ्यांना द्या. औषधांची बॅग, कागदांची फाइल आणि काही अडलं तर ‘आता काय करायचं’ याचा शेवटचा शब्द त्यांचा. ज्याने टूर मॅनेजर हवा म्हटलं, त्यालाच करा.

लंडनला नक्की जा. ब्रिटनने युरोपीय संघ सोडला तरी हाच नियम आपल्या नावाने ठेवलाय. लंडनहून मुंबईला चार तासांच्या वर उशिरा पोचलात तर माणशी ५२० पौंड, हवामान वगैरेचे अपवाद तसेच. दुबई, सिंगापूर किंवा अमेरिकेतून निघताना उशिरासाठी अशी ठरलेली रोख रक्कम नाही. भारतातून निघताना जेवण, सहा तासांच्या वर उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पैसे परत, आणि रात्रीच्या विमानाला तेवढा उशीर झाला तर हॉटेल, एवढं आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांत आहे, पण उशिराचे रोख पैसे नाहीत. तेव्हा जाताना आपल्या नशिबावर जा आणि येताना नियमावर या.

राहिला गाडीवाला. १९९९ चा माँट्रियल करार भारताने २००९ पासून स्वीकारलाय. त्याखाली उशिरामुळे प्रत्यक्ष झालेला खर्च विमान कंपनीकडे मागता येतो, दोन वर्षांच्या आत, आणि तुमचे चार हजार त्यात मागून बघायला हरकत नाही. पण ६०० युरो देताना कंपनी ते त्यातच वळते करून घेऊ शकते, तेव्हा त्यावर फार जीव ठेवू नका. आणि तो व्यवहार तुमचा आणि कंपनीचा, गाडीवाल्याचा त्यात काही संबंध नाही. रोमला रात्री दीड वाजले होते आणि तुम्हाला कळून चुकलं होतं की आज विमान नाही, तेव्हा तो नाशिकला घरीच होता. एक मेसेज गेला असता तर तो निघालाही नसता. दुपारी एकपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत, पार्किंगचे पैसे भरत, दुसरं भाडं सोडून तो थांबला, आणि मग तुम्हा सहाजणांना घेऊन कसारा घाट चढला. चार हजार त्याने कमीच मागितलेत. आज संध्याकाळी पाठवून द्या, आणि मग नवऱ्याला लॅपटॉप उघडायला सांगा.